टायरच्या गालावरचे टाके

टायरचा गाल फाटला की टायर मेला, असं आमचे मालक म्हणायचे. गाल म्हणजे टायरची बाजू. जमिनीला घासतो तो तळ आणि दोन्ही अंगांनी फुगलेले ते गाल, ही नावं आमच्या सासूबाईंनी पाडलेली. त्यांना टायरमधलं काही कळत नव्हतं, पण नाव पाडण्यात त्यांचा हात धरणारं उमरग्यात कुणी नव्हतं. पोटच्या पोराला, म्हणजे आमच्या मालकांना, त्या 'वारेवाला' म्हणायच्या, आणि मी जरा तोंडाची तिखट म्हणून मला 'ठेचा'.

"तळाला भोक पडलं तर आतनं ठिगळ लावता येतं," मालक सांगायचे. "तळ जाड असतो, जागचा हलत न्हाय. गाल सारखा दबतो, सुटतो, परत दबतो. त्याच्यावर ठिगळ ठरतच न्हाय." हे पुराण ते येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून ऐकत होते. भाकरी थापता थापता मला ते तोंडपाठ झालं होतं.

राज्य निजामाचं होतं आणि जर्मन-जपानची मोठी लढाई नुकती कुठं संपली होती. सोलापूर-हैदराबाद सडकेच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली आमचं पत्र्याचं खोपट. सायकली यायच्या, लॉऱ्या यायच्या. नवं टायर मात्र कुणाच्या नशिबी नव्हतं. लढाई संपली तरी रबराची टंचाई काही सुटली नव्हती. सोलापूर पडलं इंग्रजी मुलखात, तिथं एखादं मिळालंच तर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरचे जवान असे सवाल करायचे की माणसानं म्हणावं, नको बाबा ते टायर, तुम्हीच ठेवा. म्हणून लोक टायर मरेपर्यंत वापरायचे आणि मेल्यावर त्याच्या चपला करून घालायचे.

आमची दोन्ही घरं, माहेर आणि सासर, मोटा शिवणारी. विहिरीतून बैलांनी पाणी ओढायची ती कातड्याची मोट. माझे वडील बेंबळीला अजून तेच करत होते. आमच्या मालकांनी मात्र एका लॉरीवाल्याजवळ पंक्चर काढायचं काम शिकून घेतलं आणि कातडं सोडून रबर धरलं. मोटेत पाणी राहतं आणि टायरात वारा, एवढाच काय तो फरक, असं सासूबाईंचं मत. हा एवढासा फरक आम्हाला पुढं किती महागात पडणार होता ते तेव्हा कुणाला ठाऊक!

उमरग्यात एक आडत्या होता. करडई, तूर, जवस, येईल ते घ्यायचा आणि विकायचा. घरात कानडी बोलायचा, बाजारात मराठी, आणि कचेरीत गेला की उर्दू. कपाळाला भस्माचे पट्टे, अंगानं भरलेला, आणि आवाज असा की तो आडतीत हसला की नाक्यावर ऐकू जायचं. त्यानं सोलापुरात लष्कराच्या मोडीतली एक जीप घेतली होती. ती घेतल्यापासून त्याला सडकेचा वीट आला होता. ओढ्यातून न्यायचा, नांगरटीतून न्यायचा, बांधावरून उडवायचा. "सडकेवर काय, गाढवबी चालतं," असं वर म्हणायचा.

मला तो 'तंगी' म्हणायचा. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. बहीण म्हणायचा, पण आमच्या ओट्यावर कधी टेकायचा नाही, आणि आमच्या रांजणातलं पाणी तर लांबच राहिलं. रीतच तशी होती. त्याचा एकट्याचा दोष नव्हता, पण मला राग यायचा आणि तो मी भांड्यांवर काढायचे.

त्या दिवशी सकाळीच त्याची जीप लंगडत आली. कुणाच्या तरी शेतातून आडवी घालताना मातीत गाडलेली कुळवाची पास, म्हणजे लोखंडी पातं, लागली आणि मागच्या टायरचा गाल वीतभर चिरला. जादाचं चाक मागं टांगलेलं होतं, पण ते त्यानं आधीच मारून ठेवलेलं. मालकांनी चिरेत बोट घातलं, ते आरपार गेलं.

"मेलं, सावकार."

"अरे, मेलं कसं? मला बेंबळीला जायचं हाय. तिथं करडई तयार पडलीय, दुसरा कुणी उचलून नेईल ना!"

बेंबळी म्हटल्याबरोबर माझे कान टवकारले. पण मी काही बोलले नाही, कारण तेव्हा मला बेंबळीला जायचं काही निमित्त नव्हतं. ते दुपारी आलं.

दुपारी आमचा एक लांबचा मामा डोक्याला गुलाल लावून दारात उभा. माझ्या धाकटीचं लग्न ठरल्याचा निरोप घेऊन तो बेंबळीहून कधीच निघाला होता. पण मधे सोनारीची भैरोबाची जत्रा लागली म्हणे. लागली कुठली! सोनारी एका टोकाला, उमरगा दुसऱ्या टोकाला. "भैरोबानं बोलावलं, मग न्हाय कसं म्हणायचं गं?" असं म्हणून त्यानं रेवड्यांची पुडी माझ्या हातावर ठेवली आणि मग पाणी पिऊन, मिशा पुसून सावकाश सांगितलं की परवा हळद आहे.

"परवा?" मी किंचाळलेच.

"व्हय. आन धाकटीनं सांगितलंय, आक्का आल्याबिगर म्या हळद लावून घेणार न्हाय."

आमची आई गेली तेव्हा धाकटी रांगत होती. तिला मी कडेवर वाढवली. माझं लग्न झालं तेव्हा ती माझ्या पदराला अशी चिकटली होती की पदर फाटला, पण मूठ सुटली नाही. तिच्या अंगाला पहिली हळद लावणारी मी नसेन तर दुसरं कोण? आणि ती हट्टी, माझ्याच हातची. नाही म्हणाली म्हणजे पाटावर बसणार नाही. सासरची माणसं मग काय ऐकून घेतील?

मालक विचारात पडले. बैलगाडीनं परवापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. सरकारी मोटार मोठ्या सडकेनं जायची, पण लग्नसराईत तिच्यात पाय ठेवायला जागा नसायची, आणि आमच्यासारख्यांना तर सगळ्यांच्या शेवटी. मी डोळे पुसले आणि समोर बघितलं. लिंबाखाली ती जीप एक पाय मोडल्यासारखी उभी होती आणि आडत्या तिच्याभोवती फेऱ्या मारत होता.

मी सरळ उठून गेले. "सावकार, हे टायर शिवून दिलं तर आमाला बेंबळीला सोडाल का?"

"शिवून?" आडत्या आणि मालक दोघं एकदमच ओरडले.

"मोट फाटली तर काय टाकून देता का?" मी मालकांना विचारलं. "तुमच्या वडलांनी किती मोटा शिवल्या? त्यात मणामणानं पाणी राहतं, मग ह्यात वारा का राहू नये?"

"पण शिवणार कोण? माझा हात आता आरीवर बसत न्हाय."

"म्या."

आता इथं एक सांगायला पाहिजे. आमच्या माहेरी बायका कातडं भिजवायच्या, घासायच्या, शिवायची वादी, म्हणजे कातड्याची दोरी, कापायच्या, पण भोकं पाडायची आरी हातात घ्यायच्या नाहीत. त्यातही शिवणीची शेवटची गाठ हा तर घरातला ठेवाच. टाके सगळ्यांचे सारखे, पण शेवट प्रत्येक घराचा वेगळा. विहिरीवरची मोट कुणी शिवली ते शेतकरी त्या गाठीवरून ओळखायचे. आमच्या वडिलांची गाठ बाहेरून दिसायचीच नाही. वादीचं टोक मागच्या टाक्यांच्या पोटात असं गडप व्हायचं की बघणाऱ्यानं शोधत बसावं. ती गाठ मुलाला दाखवायची, मुलीला नाही. मुलगी परक्या घरी जाते, तिच्याबरोबर गाठही जाईल. आणि वडिलांना मुलगा नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तू भाकरी शिक." असा संताप आला होता मला! त्या दिवशी मी मुद्दाम सगळ्या भाकरी करपवल्या.

पण जुन्या मोटा उसवायचं काम माझ्याकडंच होतं. वादी परत वापरायची म्हणून अख्खी मोट टाका टाका सोडवायची. शिवताना वडील हात झाकून घ्यायचे. उसवताना कोण झाकणार? शेवटची गाठ सगळ्यात आधी सोडवावी लागायची. अशी मी ती उलटीकडून शिकले, आणि कुणाला कळलं नाही.

तर आडत्यानं बघितलं, आपली करडई चाललीय. "शिव," म्हणाला. "ती जीप पळाली तर तुम्हा दोघांना बेंबळीच्या वेशीत सोडतो, शिवाची आण."

आम्ही लागलो कामाला. सासूबाईंनी माळ्यावरून सासऱ्यांची आरी आणि कातडं तासायची रापी काढून दिली. मोटेचं कातडं लावतात तसं कातडं रातभर भिजत घातलं, सकाळी आतल्या अंगानं चिरेवर बसवलं आणि मी वादीनं शिवायला बसले. रबरातून आरी घालणं म्हणजे खायचं काम नव्हे. मालक पलीकडून टोक ओढायचे, मी अलीकडून. टाके एका रेषेत घ्यायचे नाहीत, एक वर, एक खाली, नाहीतर त्याच रेषेवर परत फाटतं. हे मोटेचं पहिलं शास्त्र.

"हळू, बोटात घालशील," मालक म्हणाले.

"बोट माझंय."

"टायर माझ्या दुकानात हाय!"

"मग टायराला संभाळा की."

सगळं झाल्यावर शेवटचं काम राहिलं, तेल. मोट तेलाशिवाय असूच शकत नाही. नवी असो, डागडुजीची असो, तिला तेल पाजायचं म्हणजे कातडं मऊ राहतं. आमच्या दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या हेच. आडत्याचा तर तेलाचाच धंदा, त्यानं करडीच्या तेलाची चरवी भरून पाठवली. सासूबाईंनी शिवणीला असं तेल चोळलं जसं काही बाळंतिणीच्या पोराला चोळतात. मालकांनाही ते योग्यच वाटलं असावं. शंका कुणी म्हणजे कुणी काढली नाही.

ट्यूब घातली, वारा भरला. गाल टणक झाला, शिवण जागची हलली नाही. आडत्यानं जीप चालू केली आणि सडकेवर फेरी मारायला काढली. बाजाराचा दिवस, लोक टाळ्या वाजवत होते. मी पदर खोचून खोपटासमोर उभी राहिले, गावची पाटलीण असल्यासारखी. जीप नाक्यापर्यंत गेली, वळली, परत निघाली. आणि नाक्यासमोरच ढाण्णदिशी आवाज झाला.

काय सांगू तुम्हाला! करोडगिरीचे जवान पोत्यांच्या मागं आडवे झाले. एक म्हैस दोर तोडून बांगड्यांच्या दुकानात शिरली. कुणी म्हणालं बंदूक, कुणी म्हणालं बॉम्ब. आणि मधोमध आमचा आडत्या स्टेअरिंग धरून ओरडत होता, "यव्वा! यव्वा! एन माडिदी, तंगी!" म्हणजे काय केलंस हे, बहिणी!

जीप ढकलत आणली. मालकांनी माझ्याकडं न बघताच चाक खोललं, आणि तेच मला जास्त लागलं. मला वाटलं, झालं, संपलं. उद्या धाकटी हळदीची वाट बघत बसणार आणि मी इथं उमरग्यात रडत बसणार.

"उद्या बैलगाडी बघतो मी," आडत्या म्हणाला. "करडई काय, जाऊ दे."

"सावकार, आजचा दिस थांबा," मी म्हटलं. "कुठं चुकलं ते तरी बघू द्या."

"बघायचं काय त्यात? फुटलं!"

तेवढ्यात सासूबाई मधे पडल्या. "सावकार, तुमाला बैलगाडी आज मिळत न्हाय, उद्या मिळंल. मग आजच्या दिस तुमचं टायर आमच्याकडं पडलं तर काय बिघडतंय? तुमी जेवून घ्या जावा." आडत्या जेवणाच्या नावानं जरा नरमला आणि गेला.

मी टायर पुढ्यात घेतलं आणि उसवायला बसले. तेवढं एक मला लहानपणापासून चांगलं येत होतं. शेवटची गाठ सोडवली, मागं मागं येत गेले. टाका एकही तुटला नव्हता. भोकंही फाटली नव्हती. म्हणजे शिवण चुकली नव्हती. मग कातडं हातात आलं. सकाळी भिजून मऊ असलेलं कातडं उन्हानं आणि टायरच्या गरमीनं वाळून आकसलं होतं, त्याच्या कडा चिंचोक्यासारख्या टणक झाल्या होत्या आणि वर वळल्या होत्या. त्या कडांनी ट्यूब चावली होती. आणि ट्यूब? जिथं जिथं तेल लागलं होतं तिथं ती फुगून चिकट झाली होती, बोटाला गुळासारखी लागत होती.

मी मालकांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तेल," ते म्हणाले.

"आन पाणी," मी म्हटलं. "मोट पाण्यात असती म्हणून तिचं कातडं वाळत न्हाय. हे तर वैशाखातल्या सडकेवर पळतंय."

"आन रबराला तेल चालत न्हाय. मला ठावं होतं गं! लॉरीवाल्यानं पयल्याच दिवशी सांगितलं होतं, तेलाचा हात ट्यूबला लावू नको."

"मग सकाळी का न्हाय बोलला?"

"आई चोळत होती," ते खाली मान घालून म्हणाले.

मला हसूच फुटलं. मी हसते बघून ते हसले, आणि सासूबाईंनी आतून विचारलं, "काय झालं गं ठेच्या?" तर आम्ही दोघं आणखीच हसलो. काल दुपारपासून माझ्या छातीवर जे ओझं होतं ते त्या हसण्यानं जरा हललं.

मग दुसऱ्यांदा मांडामांड. कातडं बाजूला ठेवलं. आडत्याचं ते मेलेलं जादाचं टायर होतं ना, त्याच्याच पोटातला कापडी थर मालकांनी सोलून काढला. मी रापीनं त्याच्या कडा तासल्या, मधे जाड आणि काठाला भाकरीसारखा पातळ, म्हणजे ट्यूबला टोचणार नाही. मालकांनी चिरेच्या आतली बाजू कानशीनं खरडून रबर चिकटवायचं सोलुशन लावलं, वाळू दिलं, परत लावलं, आणि ठिगळ दाबून बसवलं. वरून मी शिवलं, वादीनं नाही, मेण ओढलेल्या जाड दोऱ्यानं, त्याच जुन्या भोकांतून. शेवटी टोक मागच्या टाक्यांच्या पोटात घातलं, आबांच्या गाठीनं. आणि तेलाच्या जागी मालकांनी आत शंखजिऱ्याची पूड भुरभुरवली, म्हणजे ट्यूब घासणार नाही. जुनी, ठिगळांची का होईना, दुसरी ट्यूब घातली. सासूबाई चरवी घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, "आत्या, ते तेल भाजीला ठेवा." त्या मुकाट्यानं परत गेल्या. त्यांच्या सबंध आयुष्यात त्या मुकाट्यानं गेल्याचं मला एवढंच एक आठवतं.

संध्याकाळी आडत्यानं पुन्हा फेरी मारली. ह्या वेळी सडकेवर चिटपाखरू नव्हतं, जवानसुद्धा आधीच पोत्यांच्या मागं जाऊन बसले होते. जीप गेली आणि आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. आडत्या खाली उतरला, टायराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "उद्या दिस उगवायला निघू."

सकाळी मी नवं लुगडं नेसून, धाकटीसाठी घेतलेल्या बांगड्या पदरात बांधून उभी. मालक हवा भरायचा पंप काखेत मारून. आणि मग खोळंबा झाला. पुढं आडत्याच्या शेजारची सीट रिकामी. बघायला अर्धी पेठ जमलेली. आडत्या त्या सीटकडं बघतो, लोकांकडं बघतो, कपाळाचा घाम पुसतो. वचन तर दिलेलं. मला असा राग आला की विचारू नका. टायरला माझा हात चालला, सीटला मी चालत नाही! तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाईंनी माझा दंड दाबला.

"सावकार, हिला मागंच बसवा," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "त्या शिवलेल्या टायरावर. वारा जरा सुसला तर हिलाच आधी कळंल. पुढं बसून काय उपेग?"

"हा हा, बरोबर, बरोबर!" आडत्याचा जीव भांड्यात पडला. अशी मी मागं, माझ्या टायरावर बसले, आणि मालक पंप घेऊन मागंच दुसऱ्या अंगाला. रागही गेला नव्हता आणि हसूही येत होतं.

लोहाऱ्यावरून पुढं आडत्यानं अर्थातच सडक सोडली. गाडीवाट, दगड, बांध, कोरडे ओढे. मी एका हातानं कड धरलेली आणि कान सगळा खाली. प्रत्येक धक्क्याला वाटायचं, हा गेला. भैरोबा, तुझ्या जत्रेपायी हे सगळं झालंय, आता तूच बघ, असं मी मनात त्याला दटावत होते. एका बाभळीखालून जाताना हिस्स आवाज आला आणि मी "थांबवा, थांबवा!" म्हणून ओरडले. उडी मारून बघते तर माझं टायर ठणठणीत! पुढच्या चांगल्या टायरात काटा घुसला होता. मला इतका आनंद झाला की मी आडत्याच्या तोंडावर टाळ्या पिटल्या.

मालक पंक्चर काढत बसले. आडत्या सावलीत उभा राहून बराच वेळ त्या शिवणीकडं बघत होता. निघताना तो म्हणाला, "तंगी, पुढं बस. मागं हाडं मोडतील तुझी." तिथं माळावर बघायला कुणी नव्हतं, म्हणून म्हणाला, हे मला कळत होतं. पण म्हणाला, हेही खरंच.

"नको, सावकार," मी म्हटलं. "माझं टायर मागं हाय."

तो मोठ्यानं हसला, पण मग बेंबळीपर्यंत जीप हळू चालवली. बांधावरून एकदाही उडवली नाही.

दुपार कलली तेव्हा आम्ही बेंबळीत शिरलो. वेशीत सोडतो म्हणालेला आडत्या थेट आमच्या वस्तीपर्यंत आला. आणि तिथं काय व्हावं? त्या दिवसांत जीप म्हणजे सरकार, आणि अमीन म्हणजे निजामाचा फौजदार. जीप दिसल्याबरोबर कुणी ओरडलं, "अमीन आला!" आणि मांडवातली सगळी वऱ्हाडी मंडळी एका क्षणात नाहीशी. सनईवाला सनई टाकून पळाला, आचारी चुलाण सोडून. मांडवात राहिले एकटे आमचे वडील. त्यांना गुडघ्यामुळं पळता येत नव्हतं.

मी मागून उतरले. "आबा, म्या हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, जीपकडं बघितलं. मला वाटलं जवळ घेतील. पण त्यांची नजर टायरावर पडली आणि तिथंच राहिली. काठी टेकत आले, वाकले, आणि अंगठा त्या शिवणीवरून फिरवत नेला. एक वर, एक खाली. शेवटाला आले आणि अंगठा थांबला. टोक शोधलं. सापडलं नाही. पुन्हा शोधलं.

"हे कुणी शिवलं?"

"म्या."

"गाठ कुणी दावली?"

"तुमी न्हाय दावली," मी म्हटलं, आणि माझा आवाज मला नको होता तेवढा वर गेला. "मोटा उसवायला मला दिल्या होत्या. उसवून उसवून शिकले. रागवायचं असल तर रागवा."

ते टायरापाशी खालीच बसले. मग विचारलं, "तेल लावलंस?"

"न्हाय."

"का गं?"

"ह्यात पाणी न्हाय, आबा. वारा हाय. तेलानं रबर सडतं."

"म्या तर लावलंच असतं," म्हणाले, आणि असे हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग ते पुसलंच नाही, तसंच वाहू दिलं. "मला वाटलं होतं, ही गाठ माझ्यासंगं मातीत जाणार," म्हणाले.

तोवर मंडळी एकेक करून परत येऊ लागली होती. धाकटी कुठूनशी धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. "आक्का, तू न्हाय आलीस तर म्या..." म्हणून तिनं जो सूर लावला, तो मी तिच्या पाठीत एक धपाटा घालून बंद केला आणि मग मीच रडले. आडत्यानं गुळाचा खडा मागितला, घेतला, तोंडात टाकला आणि करडई बघायला निघून गेला. खडा आमच्या घरातला होता. माझं लक्ष होतं.

हळदीची तयारी झाली. पाट मांडला, बायका जमल्या, वाटी भरून हळद कालवली. धाकटी पाटावर बसणार तेवढ्यात वडिलांनी तिला हाक मारली. "इकडं ये. हात पिवळे व्हायच्या आत ये."

त्यांच्या पुढ्यात कातड्याचे दोन तुकडे होते, वादी होती आणि त्यांची आरी. ती त्यांनी धाकटीच्या हातात दिली. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. कुणीतरी म्हणालं, "आवं, पोरगी उद्या परक्या घरी चालली."

"म्हणूनच," वडील म्हणाले. "आज न्हाय तर कवा शिकंल?"

मला एकीकडं भरून आलं आणि एकीकडं असा मत्सर वाटला! मी जिच्यासाठी भाकरी करपवल्या, उलटीकडून टाके मोजत बसले, ती गाठ हिच्या हातात अशी आयती! पण धाकटीच्या बोटांना काही ते जमेना. वादीचं टोक दर वेळी बाहेर यायचं. वडिलांनी एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी हात मागं घेतला, माझ्याकडं बघितलं आणि आरी माझ्यापुढं धरली.

"आक्काला विचार," ते तिला म्हणाले. "तिला येतंय."

मी आरी घेतली. धाकटीला जवळ ओढलं, तिची बोटं माझ्या बोटांखाली धरली आणि टोक मागच्या टाक्यांच्या पोटात घालायला लावलं. पलीकडून बायका हाका मारत होत्या, हळद सुकायला लागली म्हणून. आम्ही काही उठलो नाही.